तिसऱ्या रांगेतलं मत

बोंबलांची डोकी उडवून दयाराम त्यांची पोटं साफ करत होता, दोन्ही हात मनगटापर्यंत बुळबुळीत झाले होते, आणि नेमकं अशा वेळी त्याला त्याचंच वाक्य ऐकू आलं. ओट्यावर कुकरला टेकवून ठेवलेल्या मोबाईलवर मराठी गाण्यांचा पुरस्कार सोहळा लागला होता. शनिवारी झालेला सोहळा रविवारी दुपारी पुन्हा दाखवत होते. दयाराम असले सोहळे दरवर्षी न चुकता बघायचा आणि न चुकता वैतागायचा. तीच पाच नावं, तेच दोन निवेदक, गायकांच्या ओठांची आणि आवाजाची चुकामूक, आणि ‘लोकप्रिय’ नावाचं एक बक्षीस, जे लोकांना विचारून दिलेलं कुणी कधी बघितलं नव्हतं. सिनेमाबाहेरच्या, स्वतंत्र गाण्याचं बक्षीस तर असं उरकायचे, की शेवटची पंगत उठल्यावर कुणाला तरी आठवावं, अरे, वाजंत्रीवाले जेवायचे राहिले. यंदा ते बक्षीस पनवेलच्याच एका मुलीला मिळालं होतं. कोमल गायकर. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. चौकोनी फ्रेमचा चष्मा, साधी सुती साडी, पायांत बूट. हातातलं बक्षीस पोटाशी धरून ती म्हणाली, ‘‘चार वर्षांपूर्वी माझं पहिलं गाणं आलं, तेव्हा ‘तिसरी रांग’ नावाच्या एका पेजवर माझ्याबद्दल लिहिलं होतं. आवाज घासूनपुसून लख्ख केलेल्या स्टीलच्या डब्यासारखा आहे. झाकण उघडलं, तर आत काही नाही.’’ सभागृह हसलं. कॅमेरा एका मोठ्या संगीतकारावर गेला, तोही मान मागे टाकून हसत होता. ‘‘ते कोणी लिहिलं मला माहीत नाही. पण त्या वाक्यातूनच ‘डबा’ हे गाणं झालं. सो, थँक यू, तिसरी रांग. तुम्ही जिथे असाल तिथे.’’

तो होता तिथेच होता. नवीन पनवेलच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघरात, उजव्या हातात सुरी आणि डाव्यात बोंबील धरून. त्याला ते पुन्हा ऐकायचं होतं, पण हात माशांचे. नळाखाली हात धुतले, साबण लावला, लिंबू चोळलं, पुसले, तोवर पडद्यावर कुणीतरी नाचायला लागलं होतं. मग त्यानं बोटानं मागे सरकवून ते तीनदा ऐकलं. एकही शब्द बदललेला नव्हता. तिला ते पाठ होतं. त्यालाही होतं. जगात हे वाक्य तोंडपाठ असलेली दोन माणसं होती आणि ती एकमेकांना ओळखत नव्हती. तिसऱ्यांदा ऐकताना त्याच्या लक्षात आलं, की वाक्य म्हणण्याआधीच ती किंचित हसते, म्हणजे आता लोक कुठे हसणार हे तिला पक्कं ठाऊक आहे. हे तिनं पुष्कळदा सांगितलेलं आहे. त्याच्या छातीत काहीतरी फुगून वर आलं, आणि ते आनंदासारखं आहे की लाजेसारखं, हे ठरायच्या आधीच मांजरीनं ओट्यावर उडी मारली. बोंबील वाचवायच्या गडबडीत ते तसंच राहून गेलं. संध्याकाळी तो जेवायला बसला, तेव्हा पहिला घास तोंडात घालताना ते पुन्हा वर आलं आणि बोंबलांची चव लागली नाही.

दयाराम त्रेपन्न वर्षांचा होता. उरणच्या रस्त्यावरच्या एका कंटेनर गोदामात तो आल्या-गेल्या पेट्यांचे नंबर तपासून उतरवून घेण्याचं काम करायचा. सोसायटीत तो ‘बी विंगमधले कोळी’ म्हणून माहीत होता, कामावर ‘दयाभाई’ म्हणून. ‘तिसरी रांग’ म्हणून त्याला कुणीच ओळखत नव्हतं. त्या नावानं तो आठ वर्षं नव्या गाण्यांवर, कार्यक्रमांवर, बक्षिसांवर आपली मतं लिहीत होता. दोन हजारांवर लोक वाचायचे. काही शिव्या द्यायचे, काही हृदयाची चित्रं टाकायचे. बहुतेकांचा समज होता, की हा कुणीतरी पुण्यातला, गळ्यात मफलर गुंडाळणारा प्राध्यापक असावा. दयारामनं तो समज कधी मोडला नाही. गाण्याच्या कार्यक्रमाला तो एकटा जायचा, शक्यतो तिसऱ्या रांगेत बसायचा. पहिल्या रांगेत पाहुणे बसतात, दुसरीत पाहुण्यांचे नातेवाईक, आणि गाणं ऐकायला आलेली माणसं तिसरीपासून सुरू होतात, असं त्याचं म्हणणं होतं. अलीकडे ठाण्या-मुंबईत नव्या पोरांचे कार्यक्रम कॅफेंमध्ये, गच्च्यांवर व्हायला लागले. तिथे रांगाच नसायच्या. पोरं-पोरी जमिनीवर मांडी घालून बसायची आणि दयाराम भिंतीला टेकून उभा राहायचा. सगळ्यांत पांढरे केस त्याचेच. एकदा एका मुलीनं त्याला कुठल्यातरी गिटारवाल्याचे वडील समजून खुर्ची आणून दिली होती, आणि तो त्या खुर्चीवर निमूटपणे बसला होता.

मतं सांगायची खोड जुनी. विसाव्या वर्षी गाव सोडून तो पनवेलच्या बाजारात एका कॅसेटच्या दुकानात लागला. गिऱ्हाईक यायचं, काचेवर कोपर टेकवून विचारायचं, दया, नवीन काय चांगलं आलंय? आणि दयाराम सांगायचा. ही घ्या, दुसरी बाजू ऐका, पहिली नुसती भरती आहे. ही घेऊ नका, एकाच गाण्यासाठी आठ गाणी माथी मारलीयेत. माणसं घेऊन जायची आणि चार दिवसांनी परत येऊन म्हणायची, तू म्हणालास तसंच निघालं. कुणीतरी विचारतं, आपण सांगतो, ते कुणाच्या तरी घरात जाऊन वाजतं, ह्यात त्याला फार मोठं सुख वाटायचं. मैना त्याला तिथेच भेटली. उरणजवळच्या करंज्याची. भावाच्या हळदीला वाजवायला कॅसेट न्यायला आली होती. त्यानं तिला एकापाठोपाठ एक सहा वाजवून दाखवल्या आणि प्रत्येकीबद्दल आपलं मत सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘ते रावंदे. नाचाला येईल काय?’’ पुढे तेवीस वर्षं संसार झाला, दुकान मोबाईलचं झालं, मग बंद पडलं, दयाराम गोदामात लागला, मैना बाजारात सुकी मासळी घेऊन बसायला लागली. पण गाण्याबद्दल तिची कसोटी तीच राहिली.

ती असताना तो लिहिलेलं सगळं आधी तिला वाचून दाखवायचा. संध्याकाळी ती सुक्या कोलंबीचे सोडे निवडत बसलेली असायची, हा समोर मोबाईल घेऊन. तिला त्यातलं अर्धंच कळायचं. पण कुठे दुखेल हे तिला बरोबर कळायचं. हात न थांबवता ती म्हणायची, ‘‘नाय आवरला गाना तं नका आयकू. ती काय तुमचे घरान येऊन गाते?’’ तो चिडायचा. अगं, मत आहे हे, मत खरं नको का? ती म्हणायची, ‘‘खरा हाय. पन जरा निवरून लिवा. काटा काराचा न् मंगच खावाला द्याचा.’’ मग तो एखादा शब्द बदलायचा, एखादं वाक्य खोडायचा, आणि मनातल्या मनात म्हणायचा, हिच्या पायी माझी धार गेली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत मैना गेली. नऊ दिवसांत. त्यानंतरच्या दिवसांबद्दल दयारामला फारसं आठवत नाही. आठवते ती घरातली शांतता. तिला खोडून काढायला तो सकाळपासून गाणी लावून ठेवायचा, आणि गाणी वाजत असूनही शांतता जायची नाही. नुसते आवाज कानावर आपटून खाली पडायचे. पाचव्या महिन्यात केव्हातरी त्यानं कोमल गायकर नावाच्या एका नव्या मुलीचं गाणं ऐकलं. बाहेर गेलेल्या माणसाची वाट बघण्याबद्दल काहीतरी होतं. पुढच्या वाटेवर दिवा वगैरे. सूर चोख, उच्चार चोख. त्याला काहीएक वाटलं नाही. मग ते वाक्य सुचलं. ओट्यापाशी उभं असताना, समोर पालथ्या घातलेल्या डब्याकडे बघताना सुचलं, आणि सुचल्यावर तो हसला. पाच महिन्यांत पहिल्यांदा, एकटाच, मोठ्यानं. वाचून दाखवायला कुणी नव्हतं. त्यानं ते तसंच टाकून दिलं. त्या दिवशी त्याच्या पेजवर कधी नव्हे एवढी हृदयं पडली, आणि तो ती झोप लागेपर्यंत बघत राहिला.

‘डबा’ त्यानं ऐकलंच नव्हतं. वर्षभर ते सगळीकडे वाजत होतं म्हणे. पण नव्या गाण्यांच्या नावांचा त्यानं धसका घेतला होता. खिडकी, चहा, पाऊस, पत्र. आता डबा. ज्याच्यावर एकदा लिहिलं त्याच्याकडे पुन्हा फिरकायचं नाही, असा त्याचा एक नियमही होता. तो नियम का केला होता हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आता ऐकावं असं वाटलं आणि त्यानं मोबाईल हातात घेतलाही. पण गाण्याच्या नावावर बोट ठेवायला धीर होईना. सोमवारी दुपारी गोदामात डबे उघडले, तेव्हा त्यानं शेजारच्या हरेशला विचारलं. हरेश त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, बोलायला मोकळा, क्रेनवर काम करणारा.

‘‘हरेश, गाण्यांचा तो पुरस्कार सोहळा बघितलास का काल?’’

‘‘बायको बघत होती. मी मॅच बघितली. का हो?’’

‘‘त्यात एका मुलीनं... म्हणजे ती पनवेलचीच आहे. तिनं भाषणात एकाचे आभार मानले. न ओळखणाऱ्या माणसाचे.’’

‘‘न ओळखणाऱ्याचे कशाला?’’

‘‘त्यानं तिच्या गाण्यावर वाईट लिहिलं होतं.’’

हरेशनं पोळीत भाजी गुंडाळली, विचार केला आणि म्हणाला, ‘‘मग आभार नाही, टोमणा मारला तिनं. बायका लक्षात ठेवतात, दयाभाई. माझी बहीण अजून माझ्या लग्नातलं काढते.’’ मग तो बहिणीबद्दल बरंच काही सांगत राहिला. तो माणूस मीच, हे दयारामच्या जिभेवर दोनदा आलं आणि दोन्ही वेळा त्यानं ते भाताबरोबर गिळलं. सांगितलं असतं, तरी आधी पेज म्हणजे काय, मग मत म्हणजे काय, मग गाण्यावर लिहायचं कशाला, इथून सुरुवात करावी लागली असती. आणि हरेश शेवटी म्हणाला असता, पैसे देतात का त्याचे? टोमणा हा शब्द मात्र दिवसभर त्याच्याबरोबर राहिला. पेटीचा नंबर उतरवताना त्याच्याकडून दोन आकडे उलटसुलट झाले.

पंधरा दिवसांनी पनवेलच्या नाट्यगृहात कोमलचा कार्यक्रम होता. शनिवारी संध्याकाळी पाचला. गावच्या मुलीचा सत्कार आणि मग गाणी. दयारामनं तिकीट काढायला उशीर केला, म्हणजे रोज काढू म्हणत राहिला, आणि शेवटी त्याला मिळाली ती सोळावी रांग, भिंतीकडची खुर्ची. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला. बसमध्ये बसल्यावर त्याला वाटलं, आपण कुणाला तरी भेटायला निघालो आहोत आणि त्याला ते कळवलेलं नाही. आत गेल्यावर सवयीनं मतं सुरू झाली. त्याला बरंही वाटलं, कारण मतं सुरू असली की माणूस एकटा बसलाय असं वाटत नाही. सत्कार लांबला. शालींची संख्या माणसांपेक्षा जास्त. वादक चार, त्यांत गिटारी दोन, दुसरी कशाला हे कळत नव्हतं. गाण्याआधी गाण्याचा अर्थ सांगायची नवी साथ हिलाही लागली होती. तीन मिनिटांचं गाणं आणि पाच मिनिटांची प्रस्तावना, म्हणजे पाहुण्याला उंबऱ्यावर थांबवून घराचा नकाशा समजावल्यासारखं. पुढच्या रांगांत मोबाईल उंचावलेले, एका गाण्याच्या शंभर छोट्या आवृत्त्या हवेत थरथरत होत्या. पण आवाज वेगळा होता. चार वर्षांपूर्वीचा चोखपणा गेला होता. काही ठिकाणी खरखर होती, आणि तिनं ती लपवलेली नव्हती. विंगेत, पडद्याच्या अलीकडे, एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, अंबाड्यावर गजरा, मांडीवर पाण्याची बाटली. प्रत्येक गाण्याचे शब्द त्या ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या. ती कोमलची आई असणार, हे सांगायला कुणी लागलं नाही.

शेवटच्या गाण्याआधी कोमलनं गोष्ट सांगितली. तीच. वाक्य म्हणण्याआधी ती तशीच किंचित हसली, आणि नाट्यगृह टीव्हीतल्यापेक्षा मोठ्यानं हसलं, कारण ही गावची मुलगी होती. आजूबाजूच्या सगळ्या तोंडांबरोबर दयारामचंही तोंड उघडलं आणि त्यातून हसण्याचा आवाज बाहेर पडला. त्याच्या शेजारी कॉलेजातली एक मुलगी बसली होती. तोवर ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. ती त्याच्याकडे वळून म्हणाली, ‘‘कसली माणसं असतात ना, काका? घरी बसून नुसतं लिहायचं.’’

‘‘हो ना,’’ दयाराम म्हणाला.

मग कोमल गायला लागली. नुसत्या तंबोऱ्यावर, दोन्ही गिटारी खाली ठेवून. गाणं एका बाईबद्दल होतं. ती रोज सकाळी डबा भरते, रोज संध्याकाळी तो घासते, आणि एक दिवस भरायला कुणी उरत नाही, तरी ती डबा घासतच राहते. एवढंच होतं. दयारामला आधी वाटलं हे साधं आहे, मग वाटलं फारच साधं आहे, आणि मग त्याला काही वाटायचंच थांबलं. मैना गेल्यानंतर वर्षभर तो दोन माणसांचा भात टाकत होता. मुद्दाम नाही. हाताला माप तेवढंच माहीत होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही त्याला कधी वाटलं नव्हतं. आता समोर एक अनोळखी मुलगी हे हजार माणसांना सांगत होती, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भिंतीकडची खुर्ची मिळाल्याबद्दल त्याला फार बरं वाटलं. तोंड तिकडे फिरवता येत होतं. त्याही स्थितीत, डोळे पुसता पुसता, त्याच्या कानानं एक गोष्ट टिपली. दुसऱ्या अंतऱ्यात तिचा श्वास कमी पडला, आणि ती तो लपवायला पुढच्या ओळीत पळाली. संध्याकाळ नीट व्हायच्या आतच पुढची सकाळ आली. त्यानं विंगेकडे बघितलं. आईचे हलणारे ओठ तिथे थांबले होते.

कार्यक्रम संपल्यावर बाहेरच्या दालनात टेबल मांडलं होतं आणि कोमल पोस्टरवर सह्या देत होती. रांगेत तीस-चाळीस माणसं होती. दयाराम रांगेत उभा राहिला, दोनदा बाहेर पडला आणि पुन्हा शेवटाकडे येऊन उभा राहिला. त्याच्या मागे फक्त दोन मुली उरल्या. काय बोलायचं हे त्यानं ठरवलं होतं. आधी कबुली, मग माफी, मग गाण्याबद्दल. पण टेबलाशी पोचल्यावर सगळं एकदम आलं.

‘‘मी ते... तिसरी रांग. ते मी लिहितो.’’

कोमलनं पेन थांबवून वर बघितलं. कपाळावर घाम, चष्मा जरा खाली घसरलेला. तिच्या तोंडावर राग नव्हता की आश्चर्य नव्हतं. दमलेलं, सवयीचं हसू होतं.

‘‘हो का? काका, तुम्ही पाचवे.’’

मागच्या मुली खुदकन हसल्या.

‘‘पाचवा म्हणजे?’’

‘‘वर्षभर ही गोष्ट सांगतेय ना मी. पुण्यात दोघं भेटले, ठाण्यात एक. आणि एकांनी तर मेल केला, त्या वाक्याचं क्रेडिट पाहिजे म्हणून.’’ ती पाण्याचा घोट घ्यायला थांबली. ‘‘म्हणून मी आता सगळ्यांना एकच प्रश्न विचारते. आज कसं झालं? खरं खरं सांगा. तिसरी रांग असाल, तर सांगालच.’’

दयारामच्या तोंडात वाक्य तयार होतं. ते त्याला करावं लागलं नाही, आपोआप झालेलं होतं. दुसऱ्या अंतऱ्यात तुम्ही ताट वाढलंत आणि घास तोंडात जायच्या आत उचलून नेलंत. ते बोललं असतं, तर त्या चष्म्यामागचे डोळे बदलले असते. तिनं पेन खाली ठेवलं असतं. उठून उभीही राहिली असती. आठ वर्षांत पहिल्यांदा त्याला कुणीतरी त्याच्या नावानं ओळखलं असतं. वाक्य खरं होतं आणि चांगलं होतं. त्यानं तिच्या गळ्याकडे बघितलं. पाणी गिळताना गळ्याची शीर वर-खाली झाली. आपण सोळाव्या रांगेत भिंतीकडे तोंड करून जे केलं, ते ह्या वाक्यात कुठे आहे, ते त्याला दिसेना. आणि ते ज्यात आहे असं दुसरं वाक्य त्याच्याजवळ नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी त्यानं शब्दांत पकडली होती, आणि आता शोधून शोधून हाताला लागले ते दोन शब्द, जे कुणीही कुणालाही म्हणतं.

‘‘छान झालं,’’ तो म्हणाला.

‘‘बघा!’’ ती हसली. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता. ‘‘भेटलेले तिघंही हेच म्हणाले. असू दे. आलात ना, तेच खूप आहे. नाव काय लिहू?’’

‘‘दयाराम.’’

‘दयारामकाकांना, प्रेमपूर्वक’ असं लिहून तिनं पोस्टर गुंडाळून दिलं. मागच्या मुली पुढे सरकल्या.

दालनाबाहेरच्या पायऱ्यांवर अजून दिव्यांचा उजेड होता. लोक पांगले होते, एक-दोन घरची माणसं हार आणि शाली मागच्या दाराच्या गाडीकडे नेत होती. दयाराम शेवटच्या पायरीवर पोस्टर धरून उभा राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘तुमीच ना ते?’’

गजरेवाल्या बाई होत्या. हातात अजून पाण्याची बाटली.

‘‘मी टेबलाचे मागं बसलेली. बाकीची लोका तोंड भरून सांगत होती. तिनं इचारला तवा तुमी थांबलाव.’’ त्या दोन पायऱ्या खाली आल्या. ‘‘थांबला नसताव तं मना कललाच नसता.’’

दयारामनं मान हलवली. नाकारायचं बळ नव्हतं.

‘‘आठ मयने गात नव्हती,’’ बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. ‘‘ते ती सांगत नाय. त्याला लोका हसाची नाय ना. रोज सकाली उठून बसाची, तोंड उघराची न् परत मिटाची. मी सैपाक करत आयकाची, आता गाईल, आता गाईल. आठ मयने. मना वाटाचा, ह्यो मानूस कवा भेटला तं इचारीन, तुमच्या घरान कोन नाय काय?’’

बाईंनी विचारलेलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं, तरी दयाराम म्हणाला, ‘‘नाय. कोन नाय.’’

बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग नजर खाली नेली.

‘‘मी आत जाऊन सांगू तिला?’’ त्यानं विचारलं. ‘‘माफी मागतो. पेज दाखवतो, म्हणजे तिचा विश्वास बसेल.’’

‘‘नको.’’ हे त्या लगेच म्हणाल्या. ‘‘आता नको. तिनं ते घेतलान न् त्याचा गाना केलान. आता ते तिचा हाय. तुमचा त्याच्यान काय पन रायला नाय.’’

दयारामला हे लागलं, आणि ते बरोबर आहे हेही त्याच वेळी कळलं. बोलणं इथे संपलं असं समजून तो पायरी उतरला. पण बाई गेल्या नाहीत. बाटलीचं झाकण उघडत होत्या, लावत होत्या. दाराकडे एकदा बघून त्या जवळ आल्या आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, ‘‘दुसरे अंतऱ्याला घाय झाली, नाय?’’

‘‘झाली,’’ दयाराम म्हणाला. ‘‘जराशी.’’

‘‘मना पन वाटला. पन घरान बोलाची सोय नाय. लगेच तोंड पारते. न् बायेरची तं सगली, छान, छान. मंग मनाच वाटाला लागला, माझेच कानान काय झालाय काय.’’

‘‘नाय, तुमचा कान बरोबर हाय.’’ आपण कधी गावच्या बोलीत गेलो हे त्याला कळलं नाही. चार वर्षांत ती बोली त्याच्या तोंडात आली नव्हती. ‘‘तिचा श्वास कमी परला. ‘सांजचे’ म्हणताना तिनं आदी दम घ्याला पायजे होता. दम घेतला असता न् थोरा थांबली असती, तरी चालला असता. त्या गान्याला थांबलेला चालतंय. उलट...’’

‘‘थांबलेला चालतंय,’’ बाई स्वतःशीच म्हणाल्या, पाठ करून ठेवावं तसं. ‘‘न् वरचा सूर?’’

‘‘वरचा लागला. तवा तं माझे...’’ तो अडखळला. ‘‘तो सूर लागला तवा ना...’’

‘‘आई!’’ दारातून कोमलची हाक आली. ‘‘चल ना, गाडी थांबलीये!’’

‘‘आले गो,’’ म्हणत बाई वळल्या. येते म्हणाल्या नाहीत, परत या असंही म्हणाल्या नाहीत. एका हातानं साडीच्या निऱ्या उचलून भराभर पायऱ्या चढल्या आणि आत गेल्या. गाडीचं दार लागल्याचा आवाज मागच्या बाजूनं आला. पहारेकऱ्यानं दालनातले दिवे एकेक करून मालवले. दयाराम तिथेच उभा होता, तोंड अजून दाराकडे, हात जरासा वर उचललेला. त्याला जे सांगायचं होतं ते आत्ता कुठे सुरू झालं होतं.